बदललेल्या गाडीची किंमत सांगताना

जानेवारी २०२०मध्ये 'ब्रिंग अ ट्रेलर' या अमेरिकी ऑनलाइन लिलावात १९७१ सालची एक डॅटसन २४०झेड ३ लाख १० हजार डॉलरला गेली. नवी असताना अमेरिकेत या गाडीची किंमत ३,५२६ डॉलर होती. लिलावात गेलेली गाडी पन्नास वर्षांत जेमतेम एकवीस हजार मैल चाललेली आणि कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली होती. पण असा आकडा एकदा वर्तमानपत्रांत आला, की ज्याच्या ज्याच्या गॅरेजमध्ये झेड उभी असते, तो मनातल्या मनात आपल्या गाडीची किंमत वाढवून घेतो. त्या गाडीचं इंजिन बदललेलं असतं, चाकं वेगळी असतात, रंग दुसरा असतो, स्टिअरिंग व्हील लाकडी बसवलेलं असतं. तरीही मालक म्हणतो, 'तीन लाख राहू द्या, पण निदान एक लाख?'

हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांचा आहे. अस्पर्श गाडीची किंमत ठरवणं त्या मानाने सोपं असतं. तिच्यासाठी पुस्तकं आहेत, दरपत्रकं आहेत, हॅगर्टी या विमा कंपनीची एक ते चार अशी दर्जाची श्रेणी आहे. बदललेली गाडी मात्र जगात एकच असते. तिच्यासारखी दुसरी नाही, म्हणून तुलना नाही, आणि तुलना नाही म्हणून किंमत सांगताना मालकाची जीभ अडखळते.

उदाहरणाला २४०झेडच घ्यायची, याला कारण आहे. ऑक्टोबर १९६९मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यामागे युताका काटायामा हा माणूस होता. डॅटसन बनवणाऱ्या निस्सानचा अमेरिकेतला कारभार सांभाळणाऱ्या काटायामांना पोर्शे आणि जॅग्वारच्या तोडीची, पण साध्या नोकरदाराला परवडणारी गाडी हवी होती. २,३९३ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, १५१ अश्वशक्ती, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि लांब नाकाची देखणी बॉडी. चार वर्षांत दीड लाखाहून अधिक गाड्या खपल्या. गाडी स्वस्त होती, भरपूर होती आणि पत्र्याला गंज चटकन धरायचा. ऐंशीच्या दशकात ती सेकंडहँड बाजारात कॉलेजच्या मुलांच्या हाती आली आणि त्यांनी तिच्यावर मनसोक्त हात चालवले. आज न बदललेली झेड महाग आहे, याचं कारण त्या मुलांच्या उत्साहातच आहे. त्यांनी इतक्या गाड्या कापल्या, ठोकल्या, रंगवल्या, की मूळ रूपातल्या फार थोड्या उरल्या.

आणि त्या मुलांना तरी दोष कसा द्यायचा? गाडी बदलायची प्रेरणा शर्यतींतूनच आली होती. पीट ब्रॉक यांच्या 'बीआरई' चमूने जॉन मॉर्टनच्या हाती झेड देऊन १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षं अमेरिकेतलं 'सी प्रॉडक्शन' गटाचं अजिंक्यपद जिंकलं. पूर्व आफ्रिकेतली खडतर सफारी रॅली याच गाडीने १९७१मध्ये जिंकली आणि १९७३मध्ये पुन्हा जिंकली. दुसऱ्या वेळी चाकामागे होता भारतीय वंशाचा शेखर मेहता. जपानात कारखान्याने स्वतःच '२४०झेडजी' काढली, लांब नाकाची आणि चाकांवर रुंद पट्ट्या लावलेली. पुढे 'वांगान मिडनाइट' या चित्रकथेतली निळी झेड आली. तिच्या इंजिनाची क्षमता वाढवून त्यावर दोन टर्बो चढवलेले. ती वाचत मोठी झालेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे आणि तिच्या खिशात पैसे आहेत. या पिढीला बदललेली गाडी म्हणजे बिघडलेली गाडी वाटत नाही. किंमत ठरवताना हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावं लागतं. गिऱ्हाईक कोण, यावर सगळं अवलंबून आहे.

आता एक गाडी डोळ्यांसमोर आणू. समजा, कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरकडे १९७२ची २४०झेड आहे. पुढचे आकडे हिशोबाची रीत दाखवायला मी घेतलेले आहेत, बाजारभाव म्हणून नाहीत. गाडी घेतली १४ हजार डॉलरला. गंज काढणं, पत्राकाम आणि रंग यांवर गेले २२ हजार. इंजिनाच्या जागी २८०झेडएक्सचं मोठं, २.८ लिटरचं एल२८ इंजिन नव्याने बांधून बसवलं, त्यावर वेबरचे तीन कार्ब्युरेटर चढवले, त्याचे १२ हजार. पाच गिअरचा बॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक, जपानी वातानाबे चाकं, मिळून ९ हजार. सीट आणि आतलं काम ३ हजार. एकूण ६० हजार. मालक फाइल उघडून पावत्या दाखवतो आणि विचारतो, 'साठ लागले आहेत, पासष्ट सांगू का?'

सोनाराकडे जुना दागिना मोडायला नेणाऱ्याला घडणावळ परत मिळत नाही, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. गाडीच्या बाबतीत मात्र तेच लोक घडणावळ पुरती वसूल करायला बसतात. याहून मोठा घोटाळा दुसराच असतो. समजा, याच सालची, इतकीच स्वच्छ पण मूळ रूपातली झेड ३८ हजारांना विकली जाते. त्या ३८ हजारांत गंज नसलेला पत्रा आणि चांगला रंग धरलेलाच आहे. म्हणजे मालकाचे २२ हजार पत्र्यावर खर्च झाले, तेव्हाच गाडी त्या दर्जाला पोचली. ३८ हजारांत वर पत्राकामाच्या पावत्या मिळवणं म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा मागणं. मी पाहिलेल्या फुगवलेल्या जाहिरातींत ही चूक सर्वाधिक आढळते. मालक अप्रामाणिक नसतो. त्याने ते काम खरंच केलेलं असतं, खरंच पैसे दिलेले असतात, आणि म्हणूनच त्याला ते दोन वेळा दिसतं.

तर सुरुवात ३८ हजारांपासून. यापुढे प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारायचा: येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना हे हवं असेल, आणि ज्यांना नको असेल त्यांना ते काढता येईल का?

पाच गिअरचा बॉक्स घ्या. अमेरिकेत विकलेल्या झेडला चारच गिअर होते. हायवेवर इंजिन ओरडत राहायचं. निस्सानचाच पाच गिअरचा बॉक्स जागच्या जागी बसतो, मूळ बॉक्स फडताळात ठेवता येतो, आणि गाडी चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो आवडतो. याचे दीड हजार धरायला हरकत नाही. पुढच्या चाकांना टोयोटाच्या पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर बसवणं हे झेडवाल्यांचं जुनं काम आहे. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, पण जास्त पैसेही देत नाही. सस्पेन्शनचे एक हजार, वातानाबे चाकं अस्सल असतील तर दीड हजार. नक्षीची नक्कल असेल तर शून्य. सीटचा प्रश्न आवडीचा आहे. मालकाला लाल चामडं आवडलं म्हणून दुसऱ्याला आवडेल असं नाही, आणि मूळ सीट फेकून दिल्या असतील तर उलट एक हजार वजा.

राहिलं इंजिन. इथे किंमत खरी वर-खाली होते. २४०झेडच्या बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते. तिच्यावर गाडीचा आणि इंजिनाचा क्रमांक कारखान्यातच कोरलेला. गिऱ्हाईक बॉनेट उघडतो, पट्टी वाचतो, मग इंजिनाच्या ब्लॉकवरचा आकडा वाचतो. दोन्ही जुळले तर 'मॅचिंग नंबर्स'. आपल्या उदाहरणात ते जुळणार नाहीत. पण मूळ एल२४ इंजिन तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलेलं असेल, तर बोलणंच वेगळं होतं. ज्याला वेबरचा आवाज हवा त्याला तो मिळाला, आणि ज्याला पुढे कधी गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटेल त्याची वाट मोकळी राहिली. या परिस्थितीत मी चार हजार धरेन. मूळ इंजिन दहा वर्षांपूर्वी भंगारात गेलं असेल, तर एल२८ कितीही उत्तम बांधलेलं असो, मी त्याचे हजाराच्या वर धरणार नाही.

बेरीज करू. ३८, अधिक दीड, अधिक एक, अधिक दीड, अधिक चार, वजा एक: ४५ हजार. मूळ इंजिन नसेल तर ४२. साठ आणि पंचेचाळीस यांच्यामधलं अंतर मालकाला बोचतं, हे मला कळतं. पण त्या अंतरातली बरीच रक्कम त्याने शनिवार-रविवारी, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यांवर वापरून घेतलेली आहे. ती पुढच्या माणसाकडून मागता येत नाही.

निस्सानचा स्वतःचा अनुभव इथे लक्षात घेण्यासारखा आहे. १९९६मध्ये अमेरिकेत झेडची विक्री बंद पडली. लोकांच्या मनात नाव जागं राहावं म्हणून कंपनीने जुन्या २४०झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून डीलरांमार्फत विकायला काढल्या. किंमत होती सुमारे २५ हजार डॉलर. योजना मोठी होती, पण प्रत्यक्षात चाळिसेक गाड्यांवरच ती थांबली. गाडीचा निर्माता, त्याचे सुटे भाग, त्याचे कारागीर हाताशी असूनही जुनी गाडी नवी करण्याचं काम एवढं जड जातं. मग घरच्या गॅरेजमध्ये ते काम नफ्यात निघेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर धरायची?

काही बदल मात्र मूळपेक्षा जास्त किंमत आणतात, आणि त्यांच्याबद्दल मालकाने संकोच करू नये. १९७३च्या गाडीला प्रदूषणाच्या नियमांसाठी चपट्या डोक्याचे हिताची कार्ब्युरेटर होते. गरम झाले की गाडी अडखळायची. बहुतेकांनी ते काढून आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे कार्ब्युरेटर बसवले. आज जाणकार गिऱ्हाईक या बदलाला दुरुस्तीच मानतो. उलट टोकाला शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन. सत्तरच्या दशकात सॅन होजेच्याच 'स्कॅरब' कार्यशाळेने असे बदल व्यावसायिक पातळीवर केले, आणि अस्सल स्कॅरबला आज तिचा स्वतंत्र चाहता आहे. तेच काम कुणी आपल्या अंगणात वेल्डिंग मशीन घेऊन केलं असेल तर त्याला नाव नाही, इतिहास नाही आणि गिऱ्हाईकही मोजकंच. चाकांवरच्या रुंद पट्ट्यांचंही तसंच. बोल्टने लावल्या आहेत, काढता येतील, असं विक्रेता सांगतो. पण रुंद चाक आत बसावं म्हणून त्या पट्टीखालचा मडगार्डचा पत्रा बहुतेक वेळा कापलेला असतो. तो परत येत नाही. पट्टी काढली की खालून जखम निघते.

नावाचं महत्त्व किती, हे पोर्शेच्या जगात दिसतं. कॅलिफोर्नियात रॉब डिकिन्सन या माजी रॉक गायकाने २००९मध्ये 'सिंगर' ही संस्था काढली. ती ९६४ मालिकेतली पोर्शे ९११ घेते, हाडापर्यंत उकलते आणि पुन्हा बांधते. त्या गाड्या मूळ ९६४च्या कित्येक पट किमतीला जातात. बदल केल्याने किंमत उतरते हा नियमच तिथे उलटा होतो. कारण सिंगरच्या गाडीत काय आहे, कुणी केलं, किती नेमकं केलं, याबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात शंका उरत नाही. घरगुती गाडीला हे नाव मिळणार नाही, पण त्यातली शंकामुक्ती मिळवता येते. गंज काढण्याआधीचे, काढतानाचे आणि नंतरचे फोटो, इंजिन बांधणाऱ्याने घेतलेली मापं, कम्प्रेशनचे आकडे, कुठला भाग कुठून आला त्याची यादी. पावत्यांचा खरा उपयोग इथे आहे. त्या रक्कम सिद्ध करत नाहीत, काम सिद्ध करतात.

कायदा हा या हिशोबातला असा भाग आहे, जो हौशी मालक शेवटी आठवतो. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. १९७६पासूनच्या गाड्यांना ती चुकत नाही. म्हणजे १९७२च्या २४०झेडमध्ये केलेला इंजिनबदल तिथे निर्धास्त विकता येतो, आणि तसाच बदल १९७७च्या २८०झेडमध्ये केला असेल, तर गिऱ्हाईक आधी विचारतो, 'स्मॉग पास होते का?' एकसारखं काम, एकसारखं कौशल्य, आणि किंमत मात्र वेगळी.

आपल्याकडे हा मुद्दा आणखी धारदार आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांनी उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करण्याला आधीच लगाम घातलेला आहे. म्हणून मुंबई-पुण्यात जुनी बदललेली गाडी विकताना गिऱ्हाईक बॉनेटच्या आधी आरसी मागतो. इंजिन क्रमांक आरसीवर चढलेला नसेल, तर वेबर आणि वातानाबेच्या गोष्टी ऐकायला कुणी थांबत नाही. आपल्याकडे इंजिन बदलण्याचं वावडं होतं, असं मात्र नाही. मुंबईच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९८५मध्ये आणलेली ११८एनई म्हणजे फियाट १२४च्या बॉडीत निस्सानचं ए१२ इंजिनच होतं. पण ते लग्न कंपनीने लावलेलं आणि सरकारदरबारी नोंदलेलं होतं.

आता तुलनेकडे येऊ. बहुतेक मालक जाहिरातीतल्या किमती बघतात. त्या विक्रेत्यांच्या इच्छा असतात. बघायच्या त्या विकल्या गेलेल्या गाड्या, आणि त्याही गेल्या वर्षभरातल्या. लिलावात किमान किंमत न गाठल्यामुळे परत गेलेली गाडीही तितकीच बोलकी असते, कारण तिच्यावरची शेवटची बोली एका खऱ्या माणसाने खरे पैसे मोजायच्या तयारीने लावलेली असते. नेमकी आपल्यासारखी गाडी सापडणार नाही हे धरून चालावं. एक एल२८वाली पण वाईट रंगाची, एक उत्तम रंगाची पण मूळ इंजिनाची, एक तिन्ही वेबरवाली पण गंजलेली, अशा पाच-सहा गाड्यांच्या मधोमध आपली गाडी ठेवून पाहायची. विम्याची 'ठरावीक किंमत' या तुलनेत आणू नये. ती नुकसानभरपाईसाठी ठरवलेली असते, आणि तिच्यासाठी कुणी समोर येऊन पैसे मोजलेले नसतात.

उलट्या बाजूनेही एकदा ताळा करावा. वेबरचा संच, वातानाबे चाकं, सस्पेन्शन सुटं विकलं आणि मूळ भाग परत चढवले, तर गाडी आणि सुटे भाग मिळून हाती किती येतील? मजुरी वजा जाता ही बेरीज ४५ हजारांच्या वर जात असेल, तर गाडी आहे तशी विकणं शहाणपणाचं नाही. जात नसेल, तर मालकाला निदान एवढं कळतं, की आपले बदल गाडीवर असतानाच जास्त मोलाचे आहेत. भाग परत लावता येण्याजोगे राखून ठेवलेल्यालाच हा ताळा करता येतो. ज्याने कापलं, त्याला पर्यायच उरत नाही.

आणि मग किंमत सांगायची. पंचेचाळीस हजार बसतात म्हणून पंचेचाळीसच सांगणारा माणूस गिऱ्हाइकाच्या पहिल्याच 'शेवटचं किती?' या प्रश्नाला बेचाळीसवर येतो. साठ सांगणाऱ्याकडे कुणी येतच नाही. महिनाभर जाहिरात तशीच राहते, मग तो पंचावन्न करतो, मग पन्नास, आणि तोवर बघणाऱ्यांच्या मनात शंका घर करून बसते, की गाडीत काहीतरी खोट असणार. मी असतो तर अठ्ठेचाळीस सांगितले असते आणि त्रेचाळीस हा आकडा जाहिरात देण्याआधीच कागदावर लिहून ठेवला असता. गाडीसमोर, गिऱ्हाइकासमोर, आठवणींच्या भरात असा आकडा ठरवू नये. अठ्ठेचाळीसच्या समर्थनार्थ तीन विकलेल्या गाड्यांची उदाहरणं हाताशी ठेवावीत. समोरचा माणूस त्याच उदाहरणांनी घरी बायकोला किंवा बँकेला पटवणार असतो.

दोष सगळे आधीच सांगावेत. बॅटरीखालचा पत्रा, विंडशील्डच्या खालचा पावसाच्या पाण्याचा नळ, जमिनीलगतचे दोन लांब पत्र्याचे रूळ, मागच्या चाकाच्या पुढचा वाकलेला कोपरा, डॅशबोर्डवरच्या भेगा: झेड ओळखणारा माणूस याच जागा तपासतो. तो लोहचुंबक घेऊन येतो. पुट्टीवर चुंबक चिकटत नाही. ज्या ठिकाणी दुरुस्ती झाली आहे ते विक्रेत्याने फोटोसह आधी सांगितलं, तर त्याचे पैसे कमी होत नाहीत. तेच चुंबकाने शोधलं, तर समोरचा माणूस बाकीच्या सगळ्या सांगण्यावरही तेवढीच सूट मागतो.

राहिली ती गॅरेजच्या कोपऱ्यातली पेटी. मूळ इंजिन, चार गिअरचा बॉक्स, जुने कार्ब्युरेटर, स्टीलची चाकं. अनेक जण हे सगळं जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत 'सोबत मोफत' म्हणून लिहून टाकतात. माझा सल्ला वेगळा आहे. हे भाग आहेत, असं पहिल्या दिवसापासून सांगावं, त्यांचे फोटो दाखवावेत, पण किमतीत ते आहेत की नाहीत हे बोलण्यासाठी मोकळं ठेवावं. गिऱ्हाईक चव्वेचाळीसवर अडला, की त्याला विचारायचं: पेटीसकट सेहेचाळीस, की पेटीशिवाय चव्वेचाळीस? ज्याला गाडी फक्त पळवायची आहे, तो पेटीशिवाय घेईल आणि मूळ इंजिन दुसऱ्या कुणा झेडवाल्याला विकता येईल. ज्याला पुढे कधीतरी ती १९७२सारखी करायची आहे, तो दोन हजार वाढवेल आणि पेटी उचलायला त्याच दिवशी टेम्पो घेऊन येईल.